शेवाळ खाते

माणसानं एक वेळ मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहावं, पण मासे पाळू नयेत, असं अनुभवान्ती माझं मत झालं आहे. कुत्रा भुंकतो, मांजर ओरडतं, पोपट तर तोंडावर शिव्या देतो; म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढं तरी आपल्याला कळतं. मासा बोलत नाही. तो आपला तोंड उघडतो आणि मिटतो. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये उभं राहिल्यावर माझंही नेमकं तेच होतं, त्यामुळे मला माशांबद्दल पहिल्यापासून आपुलकी आहे, ही गोष्ट वेगळी.

हा नाद मला लावला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी मला रत्नागिरीहून एस.टी.नं मुंबईला आणून मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. हे मत्स्यालय १९५१ सालचं. अण्णा त्याच्याहून तीन वर्षांनी थोरले. काचेला नाक लावून मी इतका वेळ उभा राहिलो, की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ‘पोराला घेऊन जाताय, की आतच सोडताय?’ असं अण्णांना विचारलं. पुढे मी यथावकाश बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, डोंबिवलीत दोन खोल्या झाल्या आणि चाळिशी उलटल्यावर, वेतनकराराची थकबाकी हातात पडली त्या महिन्यात, मी अडीच फुटी काचेची टाकी घरी आणली. पाणी ऐंशी लिटर. गोल्डफिश चार. बाकीची थकबाकी सौभाग्यवतींच्या ताब्यात.

त्याच सुमाराला अण्णाही आमच्याकडे आले. आई गेल्यावर गावच्या घरात ते एकटेच राहत होते. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते. उभा जन्म बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. आमच्या घरात बिघडलेलं फारसं काही नसल्यामुळे ते चालू असलेल्या वस्तू दुरुस्त करू लागले. एके दिवशी मिक्सर उघडला. परत जोडल्यावर एक स्क्रू शिल्लक राहिला. तो मला दाखवून म्हणाले, “कंपनीनं जास्तीचा घातला होता.” मिक्सर आधीपेक्षा बरा चालायला लागला, हे मी कबूल करतो, पण प्रत्येक वेळी चटणी वाटताना आम्ही दोन पावलं लांब उभे राहायचो. त्यांची काठी सोफ्यावर, अडकित्ता टीव्हीवर, चष्म्याचं घर फ्रिजवर आणि वर्तमानपत्राची पानं चारही दिशांना. दोन खोल्यांत अशी एक जागा उरली नव्हती, जिथे अण्णांचं काहीतरी सापडत नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच टाकीत शेवाळाचा शिरकाव झाला.

आधी काचेवर हिरवट झाक आली. मग दगडांवर, मग पंपाच्या नळीवर आणि शेवटी ज्या प्लास्टिकच्या पाणबुड्याच्या डोक्यातून बुडबुडे निघायचे, त्याला दाढी आली. मी दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचो. शेवाळ सोमवारपर्यंत विश्रांती घ्यायचं. दुकानदारानं शेवाळ खाणारा म्हणून एक काळा मासा गळ्यात मारला. त्यानं शेवाळाकडे ढुंकून पाहिलं नाही. तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटायला लागला, म्हणून नेऊन परत दिला. मग दुकानदारानं एका बाटलीतलं निळं औषध दिलं. म्हणाला, “टाका आणि विसरा.”

मी शुक्रवारी टाकलं. शनिवारी मी बँकेत असताना अण्णांनी दाढीचं पातं घेऊन टाकीची पुढची काच खरवडली. रविवारी सकाळी एक गोल्डफिश उलटा तरंगत होता.

नोव्हेंबरचा महिना. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा. आठवडाभर मी काउंटरवर बसून शेकडो वृद्धांना, ‘तुम्ही जिवंत आहात’ असं सरकारला कळवत होतो. डोकं आधीच उठलेलं. मी तो मासा पाहिला, ते पातं पाहिलं आणि म्हणालो, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं यात हात घालायला? जरा स्वस्थ बसता नाही का येत, अण्णा?”

अण्णा काही बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या दिवसापासून अण्णा स्वस्थ बसले. खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. अडकित्ता टीव्हीवरून नाहीसा झाला. चष्म्याचं घर खिशात गेलं. वर्तमानपत्र घडी घालून टीपॉयवर. घर इतकं नीटनेटकं झालं, की माझ्या पोटात गोळा आला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “रत्नागिरीचं रिझर्वेशन कर माझं. घर बंद आहे, वाळवी लागेल.” पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ सालापासून एस.टी.चा प्रवास फुकट. त्यामुळे ‘पगार होऊ दे मग बघू’ असं म्हणायचीही सोय नाही. शेवटी सौ. मदतीला धावली. “पौष संपू दे हो अण्णा. पौषात कशाला कुठे जायचं?” वास्तविक मार्गशीर्षसुद्धा लागायचा होता. पण सुनेचा शब्द अण्णा मोडत नाहीत. ते “बरं” म्हणाले. थोडक्यात, आम्हाला सव्वादोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली.

आमची कन्या अकरावीला, सायन्सला. एका रात्री तिनं ती निळी बाटली हातात घेऊन, बापाला समजावायला राखून ठेवलेल्या स्वरात विचारलं, “बाबा, शेवाळ मेलं, ते गेलं कुठे?”

मी म्हणालो, “गेलं म्हणजे गेलं.”

“गेलं नाही. टाकीतच कुजलं. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाल्ला. मासा गुदमरला. अण्णांनी खरवडून काढलं तेवढं तरी बाहेर गेलं, नाहीतर चारही गेले असते.”

मी चारी मुंड्या चीत. आता सरळ उठून अण्णांची माफी मागायला हवी होती. पण आमच्या घराण्यात माफी मागण्याची पद्धत नाही. आम्ही चहा विचारतो. मी अण्णांना रात्री साडेदहाला चहा विचारला. ते “झोप नाही येत मग” म्हणाले. विषय संपला.

कन्येनं पुढे जे काही सांगितलं, ते मी कॉमर्सचा असल्यामुळे मनातल्या मनात बँकेच्या भाषेत मांडून घेतलं. तेच तुम्हाला सांगतो. माशांना आपण खाणं घालतो, ही झाली रोजची जमा. मासे खातात, शी करतात. त्यातून अमोनिया होतो. तो माशांना विष. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट तितकंसं विषारी नाही, पण ते कुठे जात नाही. खाण्यातलं फॉस्फेटही तसंच साठत जातं. म्हणजे हे असं खातं, की ज्यात रोज भरणा होतो आणि पैसे काढायची खिडकीच नाही! मग ही बेवारस शिल्लक पाहून शेवाळ येतं आणि जागा मिळेल तिथे पसरतं. औषधानं ते मारलं, की कुजून सगळी रक्कम त्याच खात्यात परत जमा. याला वसुली म्हणत नाहीत. याला आमच्याकडे कर्जाचं नूतनीकरण म्हणतात.

यावर उपाय निघाला तो मोठा उफराटा. शेवाळाला मारायचं नाही. त्याला टाकीच्या बाहेर, पण टाकीच्याच पाण्यावर, एक हक्काची जागा करून द्यायची. टाकीत मिळतो त्याच्या कितीतरी पट उजेड द्यायचा, वाहतं पाणी द्यायचं, आणि म्हणायचं, वाढ बाबा किती वाढायचं ते. ते तिथे वाढतं, पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषून घेतं आणि टाकीतलं शेवाळ उपाशी राहून हटतं. तिथलं वाढलेलं आपण आठवड्या-पंधरवड्यानं खरवडून बाहेर काढायचं. पैसे काढायची खिडकी! ही युक्ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर ॲडी या शास्त्रज्ञांची. समुद्रातल्या प्रवाळांच्या खडकांवर शेवाळाची लव कशी भराभर वाढते हे पाहून त्यांनी ही यंत्रणा बनवली आणि १९८२ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेच्या सुट्टीच्या दिवशी, मी लॅमिंग्टन रोडला गेलो. गडद लाल उजेडाचे तीन-तीन वॅटचे चार एलईडी, त्यांची उष्णता झिरपवायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना लागणारा ड्रायव्हर, एक छोटा पंप. लालच का, तर झाडाचं हिरवं द्रव्य लाल आणि निळा उजेड खातं आणि हिरवा परत करतं. म्हणून तर ते आपल्याला हिरवं दिसतं. लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी केला, त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल, की डोंबिवलीत एक कारकून त्यावर शेवाळाची शेती करील. सौ.कडून चकल्यांचा मोठा पारदर्शक डबा मागून घेतला. मागून म्हणजे, ती माहेरी गेली असताना.

रचना सोपी. डब्यात वरच्या बाजूला आडवा पीव्हीसी पाइप, त्याला खालून सहा इंच लांबीची चीर. चिरेत एक पडदा अडकवायचा. पंपानं पाणी पाइपात चढवायचं, ते पडद्याच्या दोन्ही अंगांनी पातळ ओघळत खाली यावं आणि डब्याच्या तळाच्या भोकातून पुन्हा टाकीत पडावं. दोन्ही बाजूंना डब्याच्या बाहेरून दिवे. पडदा म्हणून मी प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापून लावलं. आमच्या बँकेत कुठल्याही फाइलवर सहा महिन्यांत बुरशी धरते, तेव्हा यावर शेवाळ धरायला काय हरकत आहे, असा माझा व्यवसायसिद्ध तर्क होता.

बटण दाबलं. पाणी वर चढलं, चिरेतून आलं आणि दोन मिनिटांत डबा काठोकाठ भरून हॉलमध्ये वाहू लागला. येण्याचा मार्ग पाऊण इंचाचा आणि जाण्याचं भोक पेन्सिलीएवढं! मी “टॉवेल! टॉवेल!” ओरडत असताना अण्णांनी खुर्चीत बसल्या जागी हात लांबवून बटण बंद केलं, आणि हात परत मांडीवर ठेवला. काही म्हणून काही बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मी भोक मोठं केलं. पाणी मार्गी लागलं. पण तीन आठवडे झाले तरी पडद्यावर नुसता तपकिरी बुळबुळीत थर यायचा आणि घसरून टाकीत पडायचा. मार्गशीर्ष संपला. पौष लागला. टाकीतलं शेवाळ मजेत होतं. मी रोज रात्री जेवल्यावर डब्यासमोर उकिडवा बसून पडद्याकडे पाहायचो आणि अण्णा खुर्चीतून माझ्याकडे पाहायचे.

एका रात्री मागून आवाज आला. “टाकी लाव त्याला.”

मला वाटलं, अण्णांना टाकीबद्दल काही म्हणायचंय. “टाकीलाच लावलंय अण्णा.”

“ती टाकी नव्हे रे. पाट्या-वरवंट्याला लावतात ती टाकी. पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जाते का? घसरते. मग टाकीवाला येऊन छिन्नीनं खडबडीत करून जातो. तसं हे. गुळगुळीत भिंतीला शेवाळ कसं धरेल? आपल्या विहिरीत बघितलंस ना, चिऱ्याला धरतं, पाइपाला धरत नाही.”

एवढं सलग वाक्य अण्णा पाच-सहा आठवड्यांत बोलले नव्हते. मी श्वास रोखून बसलो. ते उठले, पलंगाखालची आपली पत्र्याची ट्रंक ओढली आणि तळातून एक गुंडाळी काढली. चौकोनी भोकांची ती प्लास्टिकची जाळी असते ना, जिच्यावर बायका लोकर भरून तोरणं करायच्या, ती. आईची. एका अंगाला हिरव्या लोकरीचा पोपट भरायला घेतलेला. मान आणि एक पंख झाला होता. पुढची जाळी कोरी होती.

“कोरा भाग काप,” अण्णा म्हणाले. “तिला वाया गेलेलं आवडायचं नाही.”

मी कात्री हातात घेऊन नुसताच बसलो, तेव्हा त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली आणि कोरा भाग सरळ रेषेत कापला. पोपट परत ट्रंकेत गेला. मग करवतीचं पातं मागितलं. तासभर जमिनीवर बसून त्यांनी त्या जाळीला दोन्ही बाजूंनी टाकी लावली. हात फिरवून पाहिला तर फणसाची साल! शिवाय पंपाची वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर नेली, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळलं तर प्लगमध्ये न जाता खाली ठिबकावं. पाइपाची चीर उजेडात येत होती, तिथे शेवाळ धरून ती बुजेल म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत वाटतं.”

घरात अण्णा परत आले होते.

या दिव्यांना अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार लागतो. मी टायमर आणणार होतो. अण्णा म्हणाले, “कशाला खर्च? मी पहाटे चारला उठतो, रात्री दहाला झोपतो.” मी बोटांवर मोजलं. बरोबर अठरा भरले. तेव्हापासून पहाटे चारला आमच्या खिडकीत लाल उजेड पडतो. समोरच्या इमारतीतल्या एक आजी गॅलरीतून त्याला रोज नमस्कार करतात. आमच्याकडे कुठल्या देवीचं अनुष्ठान चाललंय, असं त्यांनी सौ.ला विचारलं होतं. सौ.नं काय उत्तर दिलं माहीत नाही, पण नमस्कार चालू आहे.

आधी पुन्हा तो तपकिरी थर आला, पण या वेळी तो घसरला नाही. मग त्यातून हिरवे ठिपके. मग लव. आणि पौष संपायला आठवडा असताना एका पहाटे अण्णांनी मला हलवून उठवलं. “बघ ये.” जाळी दिसतच नव्हती. बोटभर लांब, दाट, हिरवीगार लोकर पाण्याच्या ओघळात हलत होती. आम्ही दोघंही काही बोललो नाही. अण्णांनी फक्त ट्रंकेच्या दिशेनं एकदा पाहिलं.

पहिली खरवड अण्णांनीच काढली, मोरीत बसून. मुळाशी थोडं राखून, म्हणजे पुढचं पीक लवकर येईल. चांगला मूठभर निघाला. तो पिळून त्यांनी कुंडीतल्या मोगऱ्याला घातला, आणि जुन्या डायरीत तारीख टाकून पुढे लिहिलं, ‘१ मूठ’. खाली सही. एस.टी.ची लॉगशीट लिहिण्याची सवय. कन्येनं नळीत पाणी घेऊन नायट्रेट तपासलं. महिन्यापूर्वी लालभडक आलेलं पाणी आता केशरी दिसत होतं. टाकीच्या मागच्या काचेवरचं शेवाळ कडेनं पिवळं पडायला लागलं होतं. तिन्ही मासे सुखरूप होते. पाणबुड्याची दाढी मात्र अजून आहे. त्याला शोभते, असं अण्णांचं मत पडलं.

मला मनात एक विचार चाटून गेला. हक्काची जागा, भरपूर उजेड आणि हाताला काम मिळालं की माणूसही घरभर पसरत नाही, असा काहीतरी. पण मी तो कुणाला बोललो नाही. बापाला शेवाळाची उपमा देणारा मुलगा म्हणून माझी सोसायटीत ख्याती व्हायची. शिवाय विचार पुरता खराही नाही. अडकित्ता पुन्हा टीव्हीवर आला आहे, चष्म्याचं घर फ्रिजवर आहे, आणि गेल्या आठवड्यात सौ.ची इस्त्री दुरुस्त झाली. एक स्क्रू शिल्लक आहे. आम्ही तो मिक्सरच्या स्क्रूशेजारी, देव्हाऱ्यातल्या वाटीत ठेवला आहे.

पौष संपला त्या रात्री मीच विषय काढला. काढला नसता तर ते माझ्या घशात अडकून राहिलं असतं. चहा घेऊन गेलो आणि म्हणालो, “अण्णा, रत्नागिरीचं रिझर्वेशन बघू का?”

अण्णा डायरीत काहीतरी लिहीत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “दुसरा शनिवार कधी येतो?”

“येत्या आठवड्यात.”

“मग त्याच्या दुसऱ्या दिवसाचं कर. घराला एकदा वारा लागला पाहिजे.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि परतीचंही आत्ताच करून ठेव. चौथ्या शनिवारच्या आधी पोचलो पाहिजे. तुझ्या हाती ती खरवड द्यायची नाही मला.”

मी मोबाइल काढून दोन्ही रिझर्वेशनं केली. एक जाण्याचं, एक येण्याचं. एक नावे, एक जमा. रात्री साडेदहाला हिशेब जुळला.